हेल्मेटच्या आतलं काम

टेबलावर अकरा कान होते: सात उजवे, चार डावे. सगळे गुलाबी सिलिकॉनचे, प्रत्येकाखाली मालकाच्या आडनावाची चिठ्ठी. श्रवणयंत्र कानात नीट बसावं म्हणून जो मऊ तुकडा लागतो, तो काका बनवायचे. गिऱ्हाइकाच्या कानात सिलिकॉन भरायचं, घट्ट झालं की अलगद ओढून काढायचं आणि त्या आकारावर तुकडा घडवून ग्राइंडरवर घासायचा. गल्लीत त्यांना सगळे कानवाले काका म्हणत.

बाराव्या-तेराव्या कानाची डबी वेगळी होती. ती मागच्या गल्लीतल्या गॅरेजवाल्याच्या मुलीची. ती मोटारींच्या शर्यतीत गाडी चालवायची. तिच्या तुकड्यांनी बाहेरचा गोंगाट अडायचा आणि आतल्या इवल्याशा स्पीकरमधून तिच्या माणसांच्या सूचना यायच्या.

काकांना शर्यतीतलं ओ की ठो कळत नव्हतं. गाड्या मध्येच थांबून चाकं का बदलतात, हेही नाही. पण काकू गेल्यापासून रविवारची दुपार खायला उठायची आणि टीव्हीवर तिचं पिवळं हेल्मेट दिसलं की ते रिकाम्या खुर्चीकडे वळून म्हणायचे, "त्याच्या आत माझं काम आहे, बरं का." शर्यत सुरू झाली की शेजारीण खिडकी लावून घ्यायची. बाईला गाड्या आवडत नसाव्यात, अशी काकांची समजूत होती.

या खेपेला मात्र घोळ झाला. तुकडा तयार झाला की काका त्याची वायर चाचणीच्या यंत्राला जोडून तो कानाशी धरत आणि आतली बारीक शिट्टी ऐकून मगच डबीत ठेवत. नव्या जोडीतून शिट्टी येईना. त्यांनी स्पीकर बदलले, तरी तेच. मग व्यापाऱ्याला फोन करून त्याची बिनपाण्याने केली आणि आख्खा खोका परत पाठवला. बदली माल आला, तोही मुका.

शुक्रवारी संध्याकाळी ती आली. रविवारी शर्यत होती आणि जुना तुकडा ढिला होऊन वळणावर निसटत होता. काकांनी व्यापाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, वायर जोडली आणि तुकडा स्वतःच्या कानात बसवला.

"वाजतंय की," ती म्हणाली.

"म्हाताऱ्याची थट्टा करतेस होय?"

तिने दुसराही लावून पाहिला. तोही खणखणीत होता. मग ती उठून कपाटाकडे गेली आणि पाठमोरी उभी राहिली. काका टेबल पुसत राहिले. जरा वेळाने ती वळली.

"तीनदा हाक मारली, काका. तुम्ही माणसाचं तोंड बघून ऐकता. गाड्या सुरू असल्या की आमच्याकडेही सगळे असंच करतात."

काकांनी फडकं घडी करून ठेवलं. त्यांच्याकडे येणाऱ्या म्हाताऱ्यांना कुणीतरी ओढूनच आणायचं. सून यायची आणि सासऱ्यांनी टीव्ही केवढ्याने लावलाय, याचं गाऱ्हाणं गायची. आधी घरातलं कुणी वैतागावं लागतं, तेव्हा कानाचं कळतं. काकांच्या घरी वैतागायला होतं कोण? आणि शिट्टी ऐकू येत नसेल, तर उद्यापासून तिचे तुकडे त्यांनी कुठल्या तोंडाने करायचे? ते काम गेलं, की पिवळं हेल्मेटही परक्याचंच.

"तुकड्याचा आकार बिघडला नाहीये," ती म्हणाली. "कानात नीट बसलाय."

"मापून बघू," काका म्हणाले.

मागच्या खोलीत कान तपासायची, माणूस आत बसेल एवढी, पुढून काचेची पेटी होती. तपासणाऱ्या बाई घरी गेल्या होत्या. काकांनी पोरीला यंत्र समजावलं: हे बटण सुराचं, हे आवाजाचं, ऐकू येऊन माझा हात वर झाला की आवाज दहाने उतरव, नाही झाला तर पाचने चढव. मग हेडफोन चढवून ते आत बसले. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर ते कधी बसलेच नव्हते. ते फार बुटकं होतं.

हात भराभर वर जाऊ लागला. तिने थांबून दार उघडलं.

"माझं बोट बघताय तुम्ही. हे चालणार नाही."

काका लाजून हसले. स्टूल फिरवून भिंतीकडे तोंड करून बसले. दार बंद झालं. भिंतीच्या फोमला बारीक छिद्रं होती, ती पाहत ते वाट पाहू लागले. स्वतःचा श्वास येत होता, जात होता. तिने सुरुवात केली की नाही, कळायला मार्ग नव्हता. एकदा वाटलं, ती उठून घरी गेली असेल आणि आपण असेच बसलोय. मागे वळून बघावंसं फार वाटलं. त्यांनी मांड्या हातांनी दाबून धरल्या. मग खूप लांबून, कुणाच्या तरी दुसऱ्याच घरातून यावा तसा एक सूर आला. त्यांनी हात वर केला.

दुसऱ्या कानाला त्याहून जास्त वेळ लागला.

पोरीने कागदावर उजव्या कानाचे गोल आणि डाव्याच्या फुल्या काढल्या. ती समोर येऊन बसली आणि त्यांच्याकडे तोंड करून सावकाश वाचू लागली. खालचे सूर बरे होते. शिट्टीचा सूर तिने शेवटी वाचला. धडधाकट कानाला तो पंचवीस डेसिबलच्या आतच ऐकू येतो, हे काकांना पाठ होतं.

चार हजार हर्ट्झ. उजवा कान पंचावन्न डेसिबल, डावा साठ.