जांभळा मासा

रंगाच्या दुकानात उभं राहून माझं अर्धं आयुष्य गेलं, म्हणून ठामपणे सांगते, माणसांना रंग निवडता येत नाही. पांढरा हवा म्हणून येतात आणि शेडकार्डातले सगळे पांढरे बघून भांबावतात. मोतिया, हस्तिदंती, सायीचा, शंखाचा. नवरा-बायको तिथंच भांडायला लागतात. मग मी कार्ड मिटते आणि म्हणते, "हा घ्या." घेतात बिचारे, आणि सुटल्यासारखे घरी जातात. अति तिथे माती, दुसरं काय.

त्यामुळे दादाचं घोडं रंगावर अडलंय हे कळलं तेव्हा मला वाटलं, हा तर आपल्या डाव्या हातचा मळ.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. जन्मभर त्यानं चष्मे केले. लोकांच्या डोळ्यांसमोर काचा बदलत "ही बरी, की ही?" असं विचारत राहायचं. दुकान बंद केल्यावर त्याच्याजवळ उरली एक वहिनी, एक होडी आणि खोट्या माशांची एक पेटी. गळाला लावायचे हे रंगवलेले मासे, लाकडाचे नि प्लास्टिकचे. शौकीन मंडळी त्यांना ल्युअर म्हणतात. आमच्या घरात ते खोटे मासेच. पेटी उघडली की तिचे कप्पे जिन्यासारखे वर येतात, आणि कप्प्याकप्प्यात सगळे डोळे वटारून बघत असतात.

तळ्यावर जायच्या दिवशी दादा ती पेटी उघडीच घेऊन स्वयंपाकघरात यायचा. "अगं, आज कुठला?" वहिनी पावाला लोणी लावत असायची. एकदा मान वळवायची आणि म्हणायची, "रुपेरी." नाहीतर "पिवळा." की निघाला हा. बहुतेक वेळा मासे घेऊनच यायचा, आणि गावभर सांगत सुटायचा की माझ्या बायकोच्या तोंडून निघेल तोच रंग खरा. एकदा तर पोस्टमन आपली पेटी घेऊन विचारायला आला. वहिनीनं त्याला चहा पाजला, गप्पा मारल्या, रंग काही सांगितला नाही.

यातली गोम तिनं मला एकदा सांगितली होती. आम्ही दोघी पडद्यांना दुमड घालत बसलो होतो. "वन्सं, मला माशातलं ओ की ठो कळत नाही," ती म्हणाली. "ह्यांचा अंगठा ज्याच्यावर टेकलेला असतो, त्याचा रंग सांगते झालं. बोलू नका हं कुठं." माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं सगळं घर म्हणतं. पण हा तीळ मी इतकी वर्षं भिजवला.

वहिनी हिवाळ्यात गेली. साधा ताप म्हणता म्हणता गेली. आणि दादाला काही ठरवताच येईना. कपाटापुढे उभा राहायचा, शर्ट काढायचा, परत ठेवायचा. पेटी स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडी पडलेली. कधी पहाटे होडी काढायचा, तळ्याच्या मध्यावर जाऊन बसायचा आणि गळ न टाकताच परत यायचा. शेवटी त्यानं इंजिनं दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला सांगून टाकलं, "शनिवारी सकाळी काठावर ये. मी शेवटचा एकदा जाऊन बघतो. गळ पाण्यात पडला तर पडला, नाहीतर होडी तू घेऊन जा."

हे मला मिस्त्रीकडूनच कळलं. होडी गेली की दादा त्या टेबलाशी बसून बसून संपणार, हे मला लख्ख दिसत होतं. शनिवारी मी दुकानाला दांडी मारली, थर्मास भरला आणि त्यानं नको म्हणायच्या आत होडीत जाऊन बसले.

धुकं इतकं होतं की काठ सोडला आणि काठ नाहीसाच झाला. पाणी कुठं संपतं आणि आकाश कुठं सुरू होतं, काही कळेना. दादा वल्हं मारायचा, पाणी डुबुक करायचं, आणि तोच आवाज जरा वेळानं दुसरीकडून यायचा, तिकडे कुणी दुसरे भाऊ-बहीण चालले असावेत तसा. एक पांढरा पक्षी आमच्या अगदी जवळून गेला आणि जाता जाता विरघळला. मला उगाच वाटलं, असंच वल्हवत राहिलो तर कुठल्यातरी स्वयंपाकघराशी पोचू. तिथं दिवा असेल, कुणीतरी पावाला लोणी लावत असेल. दादालाही तसंच वाटत असावं. तो वल्हं थांबवून कान देऊन ऐकत होता.

मी भानावर आले, कारण कुणीतरी यायला हवं होतं.

"दादा, लाव की आता काहीतरी."

त्यानं पेटी मांडीवर उघडली. "कुठला?"

"तूच शिकवलंस ना मला, फ्रॉकात होते तेव्हा? पाण्यात कोपरापर्यंत हात घालायचा. बोटं दिसली तर रुपेरी, करडा, माशाच्या अंगचा कुठलाही. नाही दिसली तर भडक. आणि अंधारून आलं असेल तर काळा. मासा काय पडदे निवडायला आलेला नाही, असं म्हणायचास." मी बाही वर करून हात पाण्यात घातला. गारठा खांद्यापर्यंत चढला. पाचही बोटं दिसत होती, फिकट आणि लांबची, दुसऱ्या कुणाची असल्यासारखी. "दिसतात. रुपेरी लाव. संपला विषय."

त्यानं रुपेरी बांधला. गाठ ओढून बघितली. मग म्हणाला, "पण या धुक्यात रुपेरी हरवेल गं," आणि गळाचा दोरा, तो तंगूस, कात्रीनं कापला. केशरी बांधला. "हा फार भडक होतो का?" कापला. करडा बांधला, त्याच्याकडे बघत बसला, कापला. त्याच्या पायाशी तंगुसाची वेटोळी साचायला लागली. मी काहीही सुचवलं की तो "तुला तसं वाटतं?" म्हणायचा, अगदी गरीब आवाजात, आणि कात्री उचलायचा. माझं डोकं असं फिरलं! दुकानात मी रोज घराची घरं रंगवून मोकळी होते, आणि सख्ख्या भावाला एक बोटभर मासा देता येईना.

तेवढ्यात धुक्यापलीकडे मोटरसायकल आली आणि थांबली. मिस्त्री.

दादानं तो आवाज ऐकला. पेटीचे कप्पे एकेक करून आत ढकलायला लागला. सगळ्यात वरचा तेवढा राहिला होता. त्यावर त्याचा हात थांबला.

मी त्याच्या अंगठ्याकडे बघितलं.

अंगठा जांभळ्यावर होता. कुणीतरी भेट दिलेला तो मासा, जांभळाभडक, वर चकाकी फासलेली. असला रंग मी कुणाच्या गॅरेजलासुद्धा दिला नसता. निवळ पाण्यात त्याच्याकडे बेडूकही फिरकला नसता. माझ्या जिभेच्या टोकावर 'रुपेरी' तयार होता. तो मी गिळला. आयुष्यात पहिल्यांदाच असं काही गिळलं असेन. थर्मासचं झाकण फिरवत, त्याच्याकडे न बघता म्हणाले, "जांभळा."

होडीखाली पाणी चुळबुळत होतं.

"तिनं सांगितलं तुला?" दादा म्हणाला.

"काय?"

"अंगठ्याचं."

"तुला माहीत होतं?"

"लग्नानंतर पहिल्याच वर्षी कळलं. संशय आला म्हणून मुद्दाम याच्यावर ठेवला अंगठा. याला जन्मात मासा लागायचा नाही. तर म्हणाली, जांभळा! मान वर न करता. मग काय, दिवसभर हाच टाकत बसलो."

"काही लागलं?"

"सर्दी."

मी हसले, आणि हसता हसता मला रडू आलं. ते मी लपवलं नाही. "मग बोलला का नाहीस तिला कधी?"

"कशाला बोलायचं?" तो मासा बोटात फिरवत म्हणाला. "रंग मला ठाऊकच असायचा, ठमे. तुझं ते कोपर बुडवायचं शास्त्र माझंच ना? पण घरातून निघताना तो कुणीतरी म्हटलेला बरा असतो. मग दिवसभर सोबत राहतो."

त्यानं जांभळा बांधला. गाठ ओढून बघितली. कात्री उचलली, पण फक्त तंगुसाचं उरलेलं टोक कापलं. मग उभा राहिला. होडी डुलली. काठी मागे गेली, पुढे आली, रीळ गुणगुणलं आणि तो जांभळा ठिपका धुक्यात शिरला. कितीतरी वेळानं, आमची आशा सुटल्यावर, लांब कुठंतरी टुपुक झालं.

दादा हळूहळू रीळ फिरवत राहिला. मी चहा प्यायले, त्याला दिला. धुकं आता जरासं पिवळं झालं होतं. वहिनी आमच्या मधल्या फळीवर बसलीय आणि दोघांनाही हसतेय, हे मला इतकं खरं वाटलं की मी पाय आखडून घेतले.

"काका!" काठावरून मिस्त्रीची हाक आली. "होडीचं काय ठरलं?"

दादाचं रीळ थांबलं. परत तोच चेहरा, कपाटापुढचा. "ठमे," तो हळूच म्हणाला, "काय सांगू गं त्याला?"

मी त्याच्या हाताकडे बघितलं. उजव्या हातात काठी होती. डाव्या हातानं त्यानं होडीची कड धरली होती, आणि अंगठा त्या जुन्या लाकडावरून फिरत होता, पुढे-मागे, पुढे-मागे.

मी थर्मासचं झाकण फिरवत, त्याच्याकडे न बघता काठाकडे ओरडले, "होडी द्यायची नाहीये रे!"

"बरं!" धुक्यातून आलं. मग मोटरसायकल सुरू झाली आणि लांब लांब गेली.

"मी कुठं काही म्हणालो होतो?" दादा म्हणाला. जांभळा मासा रिकामाच परत आला होता, त्याच्या नाकावरून पाणी ठिबकत होतं. दादानं तो शर्टाच्या बाहीला पुसला. "आता तूच म्हणतेस तर राहू दे," तो म्हणाला, आणि त्यानं पुन्हा गळ टाकला.