उसनं नाक

त्या बिअरच्या कारखान्यात तिला नावाने कोणीच हाक मारत नसे. "नाक आलं का?" "नाक आज रजेवर आहे." "नाकाला विचारल्याशिवाय बाटलीत भरू नका." चाखणीच्या खोलीची ती बारा वर्षं मुख्य होती. समोरचा ग्लास नुसता हुंगून ती बिअर कुठल्या टाकीतली, किती दिवसांची, हे सांगायचीच. शिवाय टाकी धुणाऱ्याचं त्या दिवशी कामात लक्ष होतं की नाही, हेही सांगायची. धुणारे तिला टरकून असत.

तिला बिअर आवडायचीही. दिवसभर घोट घेऊन कागदावर अभिप्राय लिहायचे आणि घरी आल्यावर पुन्हा एक ग्लास, सावकाश, स्वतःसाठी. ती दादा-वहिनीकडे राहायची. वहिनीने पहिलं वर्ष नाक मुरडलं, दुसऱ्या वर्षी ग्लास विसळून द्यायला लागली. "मिठाई करणाऱ्याच्या घरची माणसं मिठाईला हात लावत नाहीत म्हणतात," दादा म्हणायचा. "आमच्याकडे सगळं उलटं."

अडतिसाव्या वर्षी तिला सर्दी झाली. साधीच, आठ दिवसांची. सर्दी गेली, जाताना वास घेऊन गेली. हे तिला कळलं ते स्वयंपाकघरात. ती शेगडीशेजारी बसून पेपर वाचत होती आणि दूध उतू जाऊन, करपून, पातेलं काळं पडलं होतं. वहिनी तिसऱ्या खोलीतून धावत आली. "अगं, नाक आहे की बटण?"

डॉक्टरांनी टॉर्च लावून पाहिलं. "येईल परत. तीन आठवड्यांनी येईल, तीन महिन्यांनी येईल. क्वचित येतही नाही. काम काय करता?"

"वास घेते," ती म्हणाली.

डॉक्टरांनी टॉर्च बंद केला आणि ते बराच वेळ काही लिहीतच राहिले.

कारखान्यात तिने कोणाला सांगितलं नाही. ग्लास उचलायचा, भुवया आक्रसायच्या, खिडकीबाहेर बघायचं आणि "ठीक" लिहायचं. बारा वर्षांची पुण्याई होती, कोणी हूं की चूं केलं नाही. पण तिच्या जिभेवर सगळं एकच लागत होतं: कडवट, गार, फसफसणारं पाणी. नोकरीची धास्ती होतीच, पण घरच्या त्या एका ग्लासपाशी तिला रडू फुटलं. वहिनीने विचारलं तर म्हणाली, "सर्दीच आहे."

रोज अकरा वाजता बॉयलर सांभाळणारा माणूस वाफेच्या नोंदीचा कागद सहीला घेऊन यायचा. पंचेचाळिशीचा, एकटा, अंगात दोन मापं मोठा निळा कोट. कागदावर सही तिची लागत नव्हतीच खरं तर, शेजारच्या खोलीतल्या इंजिनियरची लागायची. पण इथे उरलेल्या ग्लासातला घोट मिळायचा, म्हणून तो चार वर्षं खोली चुकत होता.

त्या दिवशी त्याने घोट घेतला आणि तो थांबला. "बाई, ही पास केलीत?"

"केली. का?"

"मका उकडलेल्या भांड्याचं झाकण काढल्यासारखं येतंय."

तिने कागदावरच्या 'ठीक'कडे पाहिलं. पण बारा वर्षांचा मान होता. "तुम्हाला काय कळतं त्यातलं?"

"काही नाही. आवडते, एवढंच." त्याने तिच्याकडे जरा निरखून पाहिलं, खिशातून एक फडकं काढलं आणि अदबीने पुढे केलं. "नाक गळतंय वाटतं. घ्या, पुसा."

तिने पुसलं. "थँक्यू," म्हणाली.

"बाई," तो हळूच म्हणाला, "त्या फडक्याने मी आत्ताच रॉकेल पुसलंय. कधीपासून येत नाहीये वास?"

तिने आधी दार लावून घेतलं. मग सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, आणि तिचा कागद तिच्याकडे सरकवला. "आधी त्या 'ठीक'वर काट मारा. भरायला दुपारी घेणारेत. बाकीचं नंतर बघू."

बाकीचं असं ठरलं की, तो रोज अकराच्या अर्धा तास आधी नमुने हुंगेल आणि तिला सांगेल. जागा बॉयलरची खोली. तिथल्या उकाड्यात आणि आवाजात कोणी फिरकत नसे. दोन स्टुलं, मध्ये उलटी बादली, बादलीवर ग्लास.

अडचण भाषेची होती. तिच्या कागदावर ठरलेले शब्द असत, त्याच्याकडे ते नव्हते.

"ही कशी आहे?"

"भिंतीला टेकवून ठेवलेलं खोकं असतं ना, खालून ओल लागलेलं? ते."

"म्हणजे शिळी. हवा लागलीय." ती लिहायची. "आणि ही?"

तो डोळे मिटायचा. "ही... नवीन वहीचं पान उलटलं. मग कोणीतरी लांबच्या खोलीत संत्रं सोललं. नुसतं सोललं हं, खाल्लं नाही अजून. आणि शेवटी पावाचा कडेचा भाग, जो मी लहानपणी बहिणीशी भांडून घ्यायचो."

तिने तो ग्लास घेतला आणि पहिल्यांदाच घाई न करता प्यायली. कडू, गार पाणीच होतं. पण दुसऱ्या घोटाला कुठेतरी संत्र्याची साल हलली असं तिला वाटलं.  दुसऱ्या दिवशी ती सव्वादहालाच येऊन बसली.

गुरुवार जड जायचा. गुरुवारी मॅनेजर साहेब आणि दोन पाहुणे चाखायला बसत, आणि पहिला शब्द नाकाचा असे. बॉयलरवाल्याने चाखणीच्या खोलीतल्या पाइपाला गळती काढली. खरी नव्हे, सकाळी स्वतः नट सैल केला आणि अकराला पाना घेऊन घट्ट करायला हजर झाला. ग्लासांचा ट्रे कोपऱ्यातल्या त्याच पाइपाजवळच्या टेबलावर भरायचा, त्यामुळे ग्लास त्याच्या नाकावरूनच पुढे जात. पाइपावर एक ठोका म्हणजे पास, दोन म्हणजे नापास. चार गुरुवार बिनबोभाट गेले. पाचव्या गुरुवारी पाना निसटला आणि पाइपावर, नळावर आणि फरशीवर आपटत गेला. पाच ठोके.

सगळे तिच्याकडे बघत होते. तिने ग्लास खाली ठेवला, पुन्हा उचलला. "ही मला कळली नाही," ती म्हणाली. "पुन्हा प्यावी लागेल."

साहेब भारावले. पाहुण्यांना म्हणाले, "बघा. बारा वर्षांनंतरही 'कळलं नाही' म्हणायची तयारी. याला म्हणतात सचोटी!" मग कोपऱ्याकडे बघून म्हणाले, "आणि तो पाइप एकदाचा बदलून का टाकत नाही तुम्ही?"

"जुना आहे साहेब," तो पाइपाखालून म्हणाला. "त्याला माझीच सवय आहे."

घरी वहिनीचं लक्ष होतंच. एका संध्याकाळी तिने नणंदेचा स्वेटर हातात धरला, हुंगला, पुन्हा हुंगला. "हा कसला वास गं?"

"कसला?"

"मलाच विचार! ऑइल, तापलेलं लोखंड आणि कुणाच्या तरी दाढीचा साबण. तुमच्याकडे बिअर दाढी करून भरतात का?"

हिला तर कसलाच वास येत नव्हता. पण कान लाल झाले, आणि वहिनीला तेवढं पुरलं.

वास परत आला तो एका मंगळवारी, जिन्यात. खालच्या मजल्यावर कोणीतरी फरशी पुसली होती, आणि त्या लिंबाच्या भपक्याने ती कठड्याला धरून उभीच राहिली. मग सगळं धावत आलं: रंग, धूळ, कुणाचे तरी ओले बूट, पेट्रोल. ती जवळजवळ पळतच कारखान्यात गेली, त्याला सांगायला. बॉयलरच्या खोलीचं दार उघडलं. ऑइल, तापलेलं लोखंड आणि दाढीचा साबण. वहिनीचं नाकही काही कमी नव्हतं.

"बसा," तो म्हणाला. "आज तीन आहेत. पहिलीत गंमत आहे. कोणीतरी गवत कापून, त्यावर बसून बिस्किट खातंय."

तिने ग्लास नाकाशी नेला. गवत होतं. बिस्किट होतं. गवत कापून जरा वेळ झाला होता, एवढंच तिने वेगळं म्हटलं असतं. सांगायचं तर आत्ताच. पण सांगितलं की उद्यापासून तो नोंदीचा कागद घेऊन अकराला येणार, एक घोट घेणार आणि जाणार.

"हो का?" ती म्हणाली. "कुठलं बिस्किट?"

आणि तिने तोंडातून ब्र काढला नाही. रोज खोटं बोलायची आणि रोज मन लावून ऐकायची. साहेबांसमोर तिला आता ठोक्यांची गरज नव्हती, तरी ठोक्याची वाट बघून मगच बोलायची. चुकून आधी बोलायला नको.

अडीच आठवड्यांनी त्याने एक ग्लास पुढे केला. "ही आजवरची सगळ्यात सुंदर. नुसती फुलं."

तिने उचलला, आणि तिचा चेहरा तिला न विचारता वाकडा झाला. उन्हात पडलेल्या बिअरला येतो तो वास. जळकं रबर आणि ओलं मांजर. तिने निकराने ओठ सरळ केले. "फुलं? छान."

"कुठली फुलं, बाई?"

तिने ग्लासात पाहिलं.  मग त्याला हसू आवरेना. "बाटली तीन दिवस खिडकीत ठेवली होती, मुद्दाम. अठरा दिवस झाले ना वास येऊन?"

"तुम्हाला कसं..."

"त्या मंगळवारी माझे मोजे पाइपावर वाळत होते. रोजचेच. तुम्ही आलात आणि बसायच्या आधी खिडकी उघडलीत."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर इथे कशाला आला असतात?" तो बादलीकडे बघत म्हणाला. "माझं एकट्याचं पिणं चार वर्षं चालूच होतं. सांगायला कोणी नव्हतं."

ती उठली आणि हातातला तो भयंकर ग्लास मोरीत ओतून आली. "उद्यापासून मी आधी सांगणार," ती म्हणाली. "तुम्ही नंतर. बघू कोणाचं बरोबर येतं."

साहेबांना तिने स्वतःच सगळं सांगितलं. साहेब दहा मिनिटं ओरडले, सचोटीचा शब्द त्यांनी परत घेतला, आणि मग तीन ग्लास मागवून बॉयलरवाल्यासमोर ठेवले. त्याने तिन्ही टाक्या अचूक सांगितल्या, तिसरीबद्दल म्हणाला, "ही साहेबांसारखी आहे. सुरुवातीला तिखट, पण शेवट गोड." साहेबांनी त्याला चाखणीच्या खोलीत जागा देऊ केली. त्याने हात जोडले. "नको साहेब. रोज अभिप्राय लिहायला लागलो तर मला तो पाव आणि संत्रं दिसायचं बंद होईल."

लग्न ठरलं तेव्हा दादा म्हणाला, "लोक विचारतील, कशावरून जुळलं? काय सांगायचं?"

"सांगा, वासावरून," वहिनी म्हणाली. "खोटं थोडंच आहे?"

रजिस्टर ऑफिसात सह्या करून दोघं चार दिवसांसाठी दुसऱ्या गावी गेली. तिथेही एक बिअरचा कारखाना निघाला. आत फिरवून दाखवायचे आणि शेवटी प्रत्येकाला एक ग्लास द्यायचे. माहिती देणारी मुलगी हौसेने म्हणाली, "काय, काही खास जाणवतंय का?"

दोघांनी एकाच वेळी घोट घेतला आणि एकाच वेळी एकमेकांकडे बघितलं. टाकी धुतल्यावर नीट विसळलेली नव्हती.

"फार छान," ती म्हणाली.

"फार स्वच्छ," तो म्हणाला.

मुलगी खूश झाली. "तुम्ही या धंद्यातले का?"

"छे," तो म्हणाला. "मी बॉयलर बघतो. या आमच्या घरच्या." आणि फाटकाबाहेर पडेपर्यंत त्याने तिच्याकडे बघायचं टाळलं, कारण बघितलं असतं तर दोघंही तिथेच हसत सुटली असती.