कोलशेतच्या शेडमधला उजेड

उजव्या डोळ्याच्या कडेला ठिणग्या दिसायला लागल्या तेव्हा हेमांगीला वाटलं, हा स्टुडिओतल्या फ्लॅशचाच परिणाम. दिवसभर त्या लखलखाटात उभं राहायचं म्हणजे डोळे कुरकुरणारच. लग्नसराई चालू होती, त्यात ठाण्याच्या एका बुटीकचा साड्यांचा कॅटलॉगही हातात होता. काम उरकलं की दाखवू डॉक्टरांना, असं म्हणत तिनं ते पुढे ढकललं. मग एका सकाळी उजवीकडून कुणीतरी काळा पडदा ओढल्यासारखं झालं आणि तो परत सरकला नाही. डोळ्याच्या आतला पडदा सुटला होता. ऑपरेशन झालं. डोळा राहिला, नजर राहिली नाही. त्या बाजूला आता नुसतं धुकं होतं.

डोंबिवली पूर्वेला एका इमारतीच्या तळमजल्यावर हेमांगीचा स्टुडिओ होता. माणसांचे फोटो ही तिची खासियत. पासपोर्टच्या फोटोपासून साखरपुड्यापर्यंत सगळं ती करायची, पण तिचं नाव झालं होतं ते चेहऱ्यांमुळे. लोक म्हणायचे, हेमांगीकडच्या फोटोत आपण आपल्यासारखे दिसतो. हे सगळे फोटो तिनं उजव्या डोळ्यानं काढले होते. डाव्यानं कॅमेऱ्यात बघायची वेळच कधी आली नव्हती.

भेटायला येणारा जो तो म्हणायचा, "अगं, कॅमेऱ्याला तरी कुठे दोन डोळे असतात?" सुरुवातीला ती हसायची. नंतर तिनं हसणं सोडून दिलं. कॅमेऱ्याला कपात चहा ओतायचा नसतो, जिना उतरायचा नसतो. तिचा चहा बशीत पडत होता आणि शेवटची पायरी कुठे संपते ते पायाला आधी कळत होतं, डोळ्याला नंतर.

नवरा सुधीर विमा कंपनीत नोकरीला. शांत माणूस. तो म्हणाला, "घाई कसली आहे? वर्षभर स्टुडिओ भाड्यानं देऊ. तू घरी बसून एडिटिंग कर."

"दुसऱ्यांनी काढलेले फोटो निस्तरत बसू? मी काढणार आहे."

"कसे?"

"डाव्यानं. शिकेन."

आणि ती शिकायला बसली. डावा डोळा लावला की नाक मागच्या स्क्रीनवर दाबलं जायचं, श्वासानं काच धुरकट व्हायची, अंगठ्याला बटणं सापडायची नाहीत. रोज सकाळी तो ऑफिसला निघायच्या आधी ती सुधीरला बाल्कनीच्या दाराशी बसवायची आणि त्याचे फोटो काढायची. पेपर वाचताना, चहा पिताना, बुटाची लेस बांधताना. सुधीर आधी कंटाळला, मग त्याला त्याचीही सवय झाली. हळूहळू नाकाला आणि अंगठ्याला आपापली जागा सापडली.

स्टुडिओत मात्र वेगळीच अडचण होती. फ्लॅश उडाला की डावा डोळा दिपायचा आणि क्षणभर काहीच दिसायचं नाही. पूर्वीही तो दिपत असेल, पण पूर्वी दोघं होते, एकानं दुसऱ्याला सांभाळून घेतलं असेल. शिवाय दिव्याच्या वायरी. दोनदा ती अडखळली, एकदा स्टँडसकट पडली. गुडघा चोळत उठली आणि तिनं सगळ्या वायरी पिवळ्या टेपनं जमिनीला चिकटवून टाकल्या.

त्याच सुमारास साकेतचा फोन आला. साकेत, समीक्षा आणि प्रितम, अशा तिघांचा 'खारवारा' नावाचा बँड होता. साकेत गिटार वाजवायचा, प्रितम ढोलकी, समीक्षा गायची. ठाण्यात त्यांचा पहिला मोठा कार्यक्रम ठरला होता आणि पोस्टरसाठी फोटो हवा होता. तिघं स्टुडिओत आले तसं हेमांगीनं आधीच सांगून टाकलं.

"मला उजव्या डोळ्यानं दिसत नाही. हल्लीच झालंय. काम डाव्यानं करते. चालणार असेल तर पुढचं बोलू."

साकेत गडबडला. त्यानं प्रितमकडे पाहिलं. समीक्षा भिंतीवरचे फोटो बघत होती, ती न वळताच म्हणाली, "मला चालेल ताई."

साकेतच्या डोक्यात फोटो तयारच होता. "मॅम, मोहने गावात जुन्या फॅक्टरीच्या साइडला एक भिंत आहे. एकदम रॉ. प्लास्टर उडालेलं, झाडं उगवलेली. संध्याकाळचं शूट करू, मागून लाइट, थोडा धूर. भारी दिसेल."

हेमांगीला ते फारसं पटलं नाही. पडक्या भिंतीपुढे उभे असलेले बँड तिनं खूप पाहिले होते. पण बऱ्याच दिवसांनी काम आलं होतं, आणि पहिल्याच भेटीत गिऱ्हाइकाशी वाद घालायचं बळ तिच्यात तेव्हा नव्हतं. ती हो म्हणाली.

मोहन्याला दिवेलागणीच्या वेळी शूट झालं. तिनं बाजूला एक मोठा फ्लॅश लावला, मागे एक छोटा. साकेतनं धूर सोडला. दर फ्लॅशनंतर ती डोळा मिटून थोडं थांबायची आणि मग पुढचा फोटो घ्यायची. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर सगळं ठीक वाटलं. साकेत खूश होता.

घरी येऊन कॉम्प्युटरवर फोटो उघडले आणि हेमांगी खुर्चीत मागे टेकली. साकेत समीक्षाच्या थोडा पुढे उभा होता, दिव्याच्या बाजूला. त्याची सावली जवळजवळ प्रत्येक फोटोत समीक्षाच्या अर्ध्या चेहऱ्यावर पडली होती. दोन डोळ्यांनी पाहिलं असतं तर तो पुढे सरकलाय हे तिला उभ्या उभ्या कळलं असतं. तिला ते तिघं एका ओळीत दिसले होते.

पण सावली काढून टाकली तरी तो फोटो झाला नसता. समीक्षाचा चेहरा बंद होता. ओठ आवळलेले, नजर कॅमेऱ्याच्या पलीकडे कुठेतरी. लायब्ररीच्या रांगेत उभी असल्यासारखी.

"यातला एखादा चालून जाईल की," सुधीर मागे उभा राहून म्हणाला.

"चालून जाईल," हेमांगी म्हणाली. "म्हणूनच देणार नाही."

दुसऱ्या दिवशी तिनं साकेतला फोन केला. "फोटो झालेले नाहीत. दिवा लावण्यात माझी चूक झाली. पुन्हा काढायचे."

"मॅम, सोमवारी पोस्टर छपाईला द्यायचंय. खरं सांगू का, माझा एक मित्र आहे, तो काढतो फोटो. तुम्ही वाईट नका वाटून घेऊ."

"वाईट वाटायचा प्रश्न नाही. मला शनिवारची सकाळ दे. नाही जमलं तर रविवारी मित्राला बोलाव."

साकेत हो म्हणाला, पण आवाजात विश्वास नव्हता.

मग तिनं समीक्षाला फोन लावला. "त्या भिंतीपाशी तुला काय झालं होतं?"

समीक्षा आधी 'काही नाही' म्हणाली. मग म्हणाली, "ताई, माझं घर तिथंच आहे. बाबा त्या फॅक्टरीत होते. त्या भिंतीच्या आत ड्यूटीला जायचे. आम्ही पोरं त्यांचा डबा घेऊन जायचो. साकेतला ती भिंत रॉ वाटते. मला तिथं पोझ देऊन उभं राहायला कसंतरीच झालं. बोलले नाही, कारण ते दोघं एवढे एक्साइटेड होते."

"मला सांगायचं होतंस."

"तुम्ही पण तर बोलला नाहीत. तुम्हालाही ते आवडलं नव्हतं. दिसत होतं."

हेमांगीनं विचारलं, "तुम्ही प्रॅक्टिस कुठे करता?"

प्रितमच्या काकांची ठाण्यात कोलशेतला एक पत्र्याची शेड होती. पूर्वी तिथं पॅकिंगचं काम चालायचं, आता अर्ध्या भागात खोके आणि उरलेल्या भागात हे तिघं. शुक्रवारी सकाळी हेमांगी एकटीच ती बघायला गेली. प्रितमनं शटर उघडून दिलं. आत अंधार, गंजका पत्रा, कोपऱ्यात ॲम्प्लिफायर, दोरीवर कुणाचा तरी टॉवेल. साकेतनं ही जागा फोटोसाठी सुचवली नव्हती यात नवल नव्हतं.

शटर मोठं होतं, ट्रक आत जाईल एवढं, आणि शेडचं तोंड पश्चिमेला होतं. सकाळचं ऊन शेडच्या पाठीवर होतं, त्यामुळे दारात थेट सूर्य येत नव्हता, फक्त मोकळ्या आभाळाचा मऊ उजेड येत होता. हेमांगीनं मूठ वळली, हात पुढे धरला आणि दारापासून हळूहळू आत चालत गेली. बोटांच्या पेरांवर सावली कशी बसते ते बघत. दाराशी मूठ सपाट दिसत होती. चार पावलं आत गेल्यावर पेरं एकेक करून उठून आली. आणखी आत गेल्यावर सगळं बुडालं. ती परत फिरली, आणि जिथं पेरं उठून दिसली होती तिथं तिनं जमिनीवर पिवळी टेप लावली. अंतर डोळ्याला कळत नसलं तरी मुठीवर दिसत होतं.

शनिवारी ती पोचली तर शेडसमोर एक टेम्पो उभा. उंच, बंद बॉडीचा, टपावरून निळी ताडपत्री अर्धवट खाली सोडलेली. दारातला सगळा उजेड निळा झाला होता. प्रितमचा चेहरा आजारी माणसासारखा दिसत होता.

"आज पण गेलं," साकेत म्हणाला.

टेम्पोचा ड्रायव्हर सुदेश केबिनमध्ये बसून पोहे खात होता. हेमांगी त्याच्याकडे गेली. "दादा, गाडी थोडी हलवाल का?"

"माल भरायचाय मॅडम. पार्टी येईपर्यंत इथंच उभं राहायला सांगितलंय."

हेमांगी टेम्पोभोवती एक चक्कर मारून आली. ताडपत्रीच्या खाली टेम्पोची बाजू पांढरीशुभ्र होती, नव्यानं रंगवलेली. आणि अंगणाच्या पलीकडच्या भागात शेडची सावली संपून ऊन पडलेलं होतं.

"जाऊ नका," ती म्हणाली. "फक्त मागे घ्या. त्या उन्हात. आणि ताडपत्री वर बांधू?"

सुदेशनं तिच्याकडे, मग तिच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. "फोटोत गाडी येणार?"

"गाडी नाही येणार. गाडीचा उजेड येणार."

त्याला ते कळलं नसावं, पण पोहे संपवून त्यानं ताडपत्री वर बांधली आणि गाडी काढली. टेम्पो मागे गेला, उन्हात शिरला आणि पांढऱ्या पत्र्यावरून परतलेला उजेड शेडच्या दारात आला. भिंतीएवढा एक दिवा लावल्यासारखा. "अजून थोडी," हेमांगी हातानं खुणावत होती. "डावीकडे. बस." आतल्या खोक्यांच्या कडासुद्धा दिसायला लागल्या.

साकेत बॅगेतून धुराच्या नळ्या काढत होता.

"त्या राहू देत," ती म्हणाली. "आणि साकेत, आज पोझ नाही द्यायची. तुम्ही प्रॅक्टिस करा. समीक्षा या टेपवर. तू तिच्या मागे, इथं. प्रितम बसून. जागा सोडायची नाही, बाकी काय हवं ते करा."

"पण मग आम्ही मागे अंधारात जाऊ."

"थोडे जाल. गाणारी पुढे आहे, ती आधी दिसली पाहिजे. तुमचे हात दिसतील. तुमचं काम हातात आहे."

साकेतला ते पटलं नव्हतं, पण प्रितमनं ढोलकीवर थाप मारली आणि गाणं सुरू झालं. पहिली दोन गाणी हेमांगीनं कॅमेरा उचललाच नाही. ती फक्त समीक्षाचा चेहरा बघत बसली. उजेड डावीकडून गालावर यायचा, नाकाशी वळायचा आणि उजव्या गालावर मंद होत जायचा. वरची पट्टी लागली की समीक्षा हनुवटी उचलायची आणि डोळ्यांखालची सावली निघून जायची. तिथं फोटो होता. तो कधी येतो ते हेमांगीला आता ठाऊक झालं होतं.

तिनं कॅमेरा डाव्या डोळ्याला लावला.

फ्लॅश नव्हता, त्यामुळे डोळा दिपत नव्हता. फोटोनंतर फोटो, मध्ये आंधळा क्षण नाही. ऊन चढत होतं, टेम्पोच्या पत्र्यावरचा प्रकाश हळूहळू पातळ होत चालला होता. माल घेणारी पार्टी आली. सुदेशनं हॉर्न न वाजवता हातानं विचारलं, निघू का? हेमांगीनं मान हलवली, थोडं थांबा. तो त्या लोकांशी काहीतरी बोलत थांबला. समीक्षानं त्याच गाण्याचं शेवटचं कडवं परत धरलं, हनुवटी वर गेली. प्रितमच्या ओठांवर हसू आलं, साकेतचा हात तारांवरून सुटून हवेत राहिला.

"झालं," हेमांगी म्हणाली आणि खोक्यावर बसली. तिची मान आणि डावा डोळा, दोन्ही दुखत होते.

लॅपटॉपवर तिघंही वाकले. समीक्षाचा चेहरा उजेडात होता, पूर्ण उघडा. साकेतच्या चेहऱ्यावर सावली होती पण त्याचा हात लख्ख दिसत होता, बोटं अजून थरथरत असावीत असा. मागचा गंजका पत्रा कुठल्याही शेडचा असू शकला असता, पण टॉवेल त्यांचाच होता.

"टॉवेल काढायचा का एडिटमध्ये?" साकेतनं विचारलं.

"राहू दे ना," समीक्षा म्हणाली.

टॉवेल राहिला. सोमवारी पोस्टर छपाईला गेलं. पुढच्या आठवड्यात साकेतचा पुन्हा फोन आला.

"मॅम, कार्यक्रमाचे फोटो पण तुम्हीच काढाल का? पण स्टेजवर लाइट खूप असतात, रंगीत, फिरणारे. मध्येच सगळा अंधार. तुम्हाला त्रास होईल म्हणून विचारतोय."

त्रास होणार हे हेमांगीला माहीत होतं. एका डोळ्यासाठी याहून वाईट जागा शोधून सापडली नसती.

"काढेन," ती म्हणाली. "पण आदल्या दिवशी मला रिकामं थिएटर बघायचंय. लाइटवाल्याला बोलावून ठेव. एकेक दिवा लावायला सांगायचा, सगळे एकदम नाही. आणि स्टेजवर टेप लावायची परवानगी आधीच काढ."

"कसली टेप?"

"पिवळी," हेमांगी म्हणाली, आणि सुधीरला दुकानातून काय काय आणायचं ते सांगायला आत गेली.