कमळाकरची बरगडी

कारखान्याच्या गेटवर तीस वर्षं बसलेल्या माणसाला दोनच गोष्टी येतात: आलेल्याला ओळखणं आणि गप्प बसणं. मोरिवलीचा कमळाकर दुसऱ्या कामात जास्त तरबेज होता. बायको जाऊन सात वर्षं झाली, मूलबाळ नाही. घरात बोलायला म्हणून टीव्ही, आणि तोही दुसऱ्याचं ऐकून घेत नाही. दर रविवारी मात्र तो बेलवलीला बनूबाईकडे जेवायला जाई. बनूबाई म्हणजे त्याच्या जिवलग दोस्ताची, आनंदाची बायको. आनंदा गेला तरी तिने ताट बंद केलं नव्हतं. देशावरची बाई, पण कमळाकरसाठी बोंबलाचं कालवण शिकली होती. त्या एका ताटावर त्याचा आठवडा निघायचा.

आनंदा त्याच कारखान्यात दगडाची पावडर करायच्या खात्यात होता. धूळ छातीत बसून त्याला सिलिकोसिस झाला, जिना चढवेना तेव्हा नोकरी सुटली आणि दोन वर्षांपूर्वी तो गेला. बनूबाईने कंपनीवर भरपाईचा दावा लावला होता. तिची वकील राजसी पहिल्यापासून म्हणायची, "हा रोग कायद्याच्या यादीत आहे. तसल्या खात्यात वर्षं काढली म्हणजे रोग कामामुळेच झाला, असं कोर्ट धरून चालतं."

त्या रविवारी कमळाकर जेवायला बसला आणि राजसी कंपनीचे कागद घेऊन दारात उभी राहिली.

"कंपनीने आनंदाकाकांच्या छातीचे एक्स-रे फोटो दिलेत. शेवटच्या सहा वर्षांचे, सगळे स्वच्छ. ते म्हणतात, रोग नोकरीनंतर झाला, घरचं भात झोडताना." तिने फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. "ही डावी बरगडी मोडून वाकडी जुळलीय, तेवढंच."

"त्यांची बरगडी कधी मोडली?" बनूबाई म्हणाली.

कमळाकरचा घास तोंडातच राहिला. सोळाव्या वर्षी गावच्या हंडीला तो तिसऱ्या थरावरून पडला होता. ती बरगडी अजून थंडीत ठणकायची.

दर फेब्रुवारीत कारखान्यात फोटोची गाडी यायची. ज्याचा फोटो खराब निघेल त्याला महिन्याभरात घरचा रस्ता. आनंदाचा खोकला ऐकून कमळाकरच म्हणाला होता, "तुझी फोटोची चिठ्ठी दे, मी जातो." गेटवाल्याचा फोटो कोणी काढत नव्हतं आणि गाडीतल्या माणसाला कुणाचे चेहरे ठाऊक नव्हते. सहा वर्षं तो आनंदा होऊन आत गेला. बाहेर आल्यावर दोघं चहा पीत हसायचे, कंपनीला कसं बनवलं म्हणून. शहाणे कुठले! कंपनीला आयता पुरावा हेच दोघे पुरवत होते.

गप्प बसणं सोपं होतं. कालवण गरम होतं. पण गप्प बसला असता तर बनूबाईचा दावा बुडाला असता.

"मॅडम," तो म्हणाला, "ही बरगडी माझी हाय." आणि त्याने सगळं सांगितलं.

राजसीने फिल्म खाली ठेवली. "काका, कोर्टात हे शपथेवर सांगावं लागेल. तुमचा नवीन फोटो काढून बरगडी जुळवून दाखवू. पण तुमच्यावरही शेकू शकतं."

"शेकू दे."

बनूबाई भिंतीला टेकून उभी होती. "भाऊजी, पहिल्याच वर्षी त्यांचा स्वतःचा फोटो निघाला असता, तर खराब निघाला असता ना?"

"हो, वहिनी."

"मग सहा वर्षं आधीच सुटले असते त्या धुळीतून."

"हो."

तिने ताट काढून घेतलं नाही. जेवा, असंही म्हणाली नाही. तो हात धुऊन उठला, चपला घालायला लागला, तेव्हा ती हळूच म्हणाली, "रविवारी आता येऊ नका. मला जमायचं नाही."

त्याने मान हलवली. तिचं काही चुकत नव्हतं, हेच त्याला जास्त लागलं.

बुधवारी तो अंबरनाथला फोटो काढायला गेला. काउंटरवरच्या पोरीने विचारलं, "नाव?"

"आनंदा," तो सवयीने बोलून गेला. मग म्हणाला, "नाही, नाही. कमळाकर लिहा."

"सोबत कोण आहे?"

"कोणी नाही."

आत मशीनवाल्याने थंडगार पाटीला छाती टेकायला लावली, श्वास धरायला लावला. थोड्या वेळाने मशीनवाला पाकीट घेऊन बाहेर आला, म्हणाला, "काका, जुनी बरगडी सोडली तर एकदम क्लीन. टेन्शन नका घेऊ, अजून वीस वर्षं जगाल."

कमळाकरने पाकीट घेतलं आणि तिथल्याच बाकावर बसून राहिला. वीस वर्षं, तो मनात म्हणाला. वीस वर्षांचे रविवार किती होतात, हे मोजायचं त्याला धाडस झालं नाही.