हारुमीचा कागद

मी एक कागद आहे. चित्रकलेच्या वहीतला, जाड, एका कडेला फाटलेला. माझ्यावर एक मुलगी राहते, म्हणून मला स्वतःपेक्षा तिचीच काळजी जास्त वाटते.

पार्से गावातल्या एका घराच्या बाल्कांवात, म्हणजे पुढच्या ओसरीत, सुविधाने मला घडवलं. ती नववीत आहे. तिचा चुलतभाऊ सुदेश कॉलेजात जातो. दोघांनाही जपानी कार्टूनांचं, म्हणजे ॲनिमेचं वेड. सुदेशदादा तशीच एक गोष्ट रचतो आणि सुविधा व शेजारची शीतल त्यातलं एकेक पात्र होऊन फासे टाकतात. प्रत्येक पात्राचा एक कागद. सुविधाचा मी.

तिने माझ्यावर निळ्या केसांची हारुमी काढली. वय चौदा. शक्ती: वारा थांबवते. 'उणीव' या शब्दापुढे तिची पेन्सिल बराच वेळ थांबली. मग तिने बारीक अक्षरात लिहिलं, 'अंधाराला घाबरते. घाबरली की पाय हलत नाहीत.'

खेळाचा एक नियम आहे. पात्र मेलं की त्याचा कागद दादाच्या आईच्या, सुमंगलाकाकीच्या चुलीत जातो. काकी परसात काजू भाजते आणि दर आयतारी, म्हणजे रविवारी, ओरडते, "कोण मेलो रे आज? कागद हाडा!" सगळे हसतात. शीतलच्या पहिल्या पात्राचा कागद जळताना मी पाहिला आहे. काजूचं तेल उडालं आणि त्याच्यावरचा चेहरा क्षणात काळा झाला.

गेल्या आयतारी मला सुदेशदादाच्या उघड्या वहीवर पालथं ठेवलं होतं. तेव्हा मी वाचलं: 'हारुमी बोगद्यात धावते. मरते. दार बंद होतं. गाव वाचतं.'

कागदाला ओरडता येत नाही. मी पंख्याच्या वाऱ्यात जोरात फडफडलो, तर सुविधाने माझ्यावर कंपासपेटी ठेवली.

खेळ बोगद्यापाशी आला. आतून काहीतरी गावाकडे सरपटत येत होतं.

"हारुमी आत धावता," सुदेशदादा म्हणाला. "टाक फासो."

सुविधाने फासा मुठीत आवळून धरला.

"काय गो, उंडो घशात अडकलो?" चहात आपला उंडा-पाव बुडवत शीतल हसली.

"ती धावची नाय," सुविधा म्हणाली.

"कित्याक?"

"घाबरता ती. पाय हलणत नाय तिचे."

"अगो, गोष्ट अडतली! महिनोभर लिवलंय मी."

"गोष्ट तुझी, दादा. हारुमी माझी."

एवढ्या मोठ्याने ती त्या घरात पहिल्यांदाच बोलली असावी. तिच्या अंगठ्याचा ओला ठसा माझ्या कोपऱ्यावर उमटला.

"मगे करता काय ती? थंयच बसान रवता?"

"होय. बसता." मग ती शीतलकडे वळली. "आणि तुझ्या तलवारवालीचो हात धरता."

शीतलचं हसणं थांबलं. "मगे मी पण तिका सोडून जावचंय नाय."

दादाने पान उलटलं. पुढचं पान हारुमी मेल्यानंतरचं होतं. त्याच्या पुढचंही. त्याने वही मिटली.

"आता काय होता ता माका ठाऊक नाय," तो हळूच म्हणाला. मला वाटतं, तोही थोडा घाबरला होता.

आज मी सुविधाच्या गणिताच्या पुस्तकात आहे. बोगद्याचं दार उघडंच आहे आणि दोन मुली त्याच्यासमोर हात धरून बसल्या आहेत. आतलं ते काय आहे, मला माहीत नाही. दादा नवं पान लिहीत असेल, या विचारानेच माझ्या कडा आक्रसतात.

सुदेशदादा, हारुमीला आत पाठवायचंच असेल तर आधी तिला विचार. ती उत्तर देईल. फक्त ती हळू बोलते, म्हणून तुला थोडं थांबावं लागेल.