मागचे हात मोजले नाहीत

मी एक वही बोलतेय. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची, पाठीला लाल कापडी पट्टी. वह्यांनी नम्रपणे बोलावं अशी लोकांची अपेक्षा असते. माझ्याकडून ती ठेवू नका. चव्वेचाळीस वर्षं मी माणसांना मोठमोठे शब्द लिहिताना पाहतेय. ती पुढे कशी वागतात, तेही पाहिलंय.

१९८२ च्या जूनमध्ये कराडच्या एका स्टेशनरीच्या दुकानातून अनुराधाबाईंनी मला घेतलं. त्या चोवीस वर्षांच्या होत्या आणि कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायला नुकत्याच लागल्या होत्या. पहिल्या पानावर त्यांनी निळ्या शाईनं लिहिलं, ‘अमेरिकेची शासनव्यवस्था : वैचारिक व राजकीय पाया’. खाली दोन रेघा ओढल्या.

मग मजकूर सुरू झाला. राज्य करण्याचा अधिकार देवाकडून येत नाही, लोकांच्या संमतीतून येतो. काही हक्क माणसाला जन्मासोबतच मिळतात, ते राजाला काढून घेता येत नाहीत. सत्ता एका हातात राहिली की नासते, म्हणून कायदे करणारे, राबवणारे आणि न्याय देणारे वेगवेगळे हवेत, आणि तिघांनी एकमेकांवर लक्ष ठेवायला हवं. एकट्या ‘संमती’वर बाईंनी अकरा पानं लिहिली. लिहिताना त्यांचं अक्षरसुद्धा सरळ झालं होतं.

एकोणिसाव्या पानावर फिलाडेल्फिया आलं. पंचावन्न पुरुष भर उन्हाळ्यात खिडक्या लावून आणि दारावर पहारा बसवून बसले होते. लोकांची घटना लिहायची, तर ती लोकांना ऐकू जाता कामा नये. सगळी माणसं समान आहेत, असं त्याच शहरात अकरा वर्षांपूर्वी जाहीर झालं होतं. आता तिथेच ठरलं, की प्रतिनिधींच्या जागा वाटताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं धरायची. मत गुलामांना नव्हतंच, जागा तेवढ्या मालकांच्या राज्यांच्या वाढल्या. बायका डोकी मोजताना धरल्या होत्या. मतं मोजताना बहुतेक ठिकाणी त्याही नाहीत.

हे सगळं बाई एकाच सुरात वाचून दाखवत आणि पुढच्या मुद्द्याकडे वळत. वर्गातून एकच शंका यायची, ‘मॅडम, हे किती मार्कांना?’ पाच मार्कांची टीप, असं बाई सांगत. मुलं समाधानानं मान हलवत. छत्तीस वर्षं पाच गुलामांच्या त्या ओळीवर एकही मूल थांबलं नाही. बाईही थांबल्या नाहीत.

घरी तर त्यांना काही विचारायची पद्धतच नव्हती. मत कोणाला द्यायचं ते मतदानाच्या सकाळी यजमान चहा पिताना सांगत, आणि लोकशाहीवर व्याख्यान देणाऱ्या बाई जाऊन तिथेच शिक्का मारून येत. चार वर्षांपूर्वी यजमान गेले. ऑकलंडहून मुलगा चिराग तेरा दिवसांसाठी आला आणि जाताना त्यानं आईसमोर एक कागद ठेवला. फ्लॅटचे, बँकेचे व्यवहार त्याला तिथून बघता यावेत म्हणून मुखत्यारपत्र. बाईंनी चष्मासुद्धा न लावता सही केली. मी त्याच टेबलावर पडून होते. ‘संमती’वरची माझी अकरा पानं मला त्या वेळी फार जड वाटली.

मला परत उजेड दिसला तो यंदा. चिराग दक्षिण ऑकलंडमधल्या पापाकुऱ्यात राहतो, आयटीत आहे, आणि तिथल्या एका मराठी मंडळाचा सेक्रेटरी आहे. न्यूझीलंडमध्ये नवा कायदा आला, आणि नोंदणी टिकवायची तर प्रत्येक संस्थेला नव्यानं घटना लिहून द्यावी लागणार होती. आई सहा महिन्यांसाठी येणारच होती. त्यानं फोनवर सांगितलं, “तुझी ती कॉन्स्टिट्यूशनची वही घेऊन ये.” मी मेतकूट आणि भाजणीच्या मध्ये बसून विमानानं आले. विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं भाजणी उघडून हुंगली, मला नुसतं उलटंपालटं केलं. धोका कशात आहे हे ओळखायचं प्रशिक्षण त्यांना दिलेलं नसतं.

बाई मात्र खूश होत्या. निवृत्तीनंतर कोणी पहिल्यांदाच त्यांना त्यांच्या विषयातलं काम सांगितलं होतं. तीन आठवडे त्या जेवणाच्या टेबलावर बसून मसुदा लिहीत होत्या. त्यांची नात इरा सोळा वर्षांची. तिला मराठी कळतं, पण उत्तर ती इंग्रजीतच देते. एका दुपारी ती आजीशेजारी बसली आणि बोट ठेवत ठेवत माझं एकोणिसावं पान वाचायला लागली. अर्ध्यावर थांबून तिनं इंग्रजीत विचारलं, की पाचाचे तीन करायचं ठरलं, तेव्हा त्या गुलामांना कोणी विचारलं होतं का?

बाईंनी पेन खाली ठेवलं. नाही, कोणीच नाही, असं त्या म्हणाल्या. मग मसुद्याचं नवं पान घेतलं.

पुढच्या शनिवारी सकाळी चिरागच्या लाउंजमध्ये समिती जमली. अध्यक्ष गुरुदत्त अकरा वर्षं अध्यक्ष आहेत. मूळचे पुण्याचे, इथे इंजिनिअर. बाईंच्या मसुद्याचं पहिलं वाक्य त्यांना बेहद्द आवडलं. ‘आम्ही, दक्षिण ऑकलंडचे मराठीजन’ असं ते होतं. ते त्यांनी दोनदा मोठ्यानं वाचलं आणि खूश होऊन इथल्या लोकांसारखं “स्वीट ॲज” म्हणाले. पुढची दोन कलमं मात्र त्यांना जरा ओव्हर वाटली. एकात होतं, की समितीविरुद्धची तक्रार समितीनंच ऐकायची नाही, बाहेरची तीन माणसं ऐकतील. गुरुदत्तांचं म्हणणं, की आपण सगळे घरचेच आहोत, बाहेरचे कशाला? दुसऱ्यात होतं, की मुलांकडे राहायला आलेल्या आईवडिलांना इथे आहेत तोवर मताचा हक्क असेल.

“काकू, ते व्हिजिटर व्हिसावर असतात,” गुरुदत्त समजावणीच्या सुरात म्हणाले. “त्यांना मत कसं देणार?”

“गणपतीत सहाशे मोदक वळणाऱ्यांच्या यादीत आमची नावं घालता, तेव्हा व्हिसा विचारता का?” बाईंनी शांतपणे विचारलं.

सगळे हसले. हसून झाल्यावर दोन्ही कलमं काढली. वृद्धांसाठी ‘सन्माननीय सदस्य’ असा शब्द आणला गेला. सन्मान आहे, मत नाही. फिलाडेल्फियाच्या पंचावन्न जणांना एवढी सोय सुचली नव्हती.

सर्वसाधारण सभा रविवारी दुपारी हॉलमध्ये भरली. साठ-पासष्ट माणसं पुढे खुर्च्यांवर होती, आणि मागे स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी चौदा आजी-आजोबा कोथिंबीर निवडत होते. बाई त्या चौदांतच होत्या, आणि मी त्यांच्या मांडीवर. चिरागनं ‘सन्माननीय सदस्यां’चं पाचवं कलम भराभर वाचलं. बाई उठल्या. मला दोन मिनिटं बोलायचंय, असं त्यांनी सांगितलं. गुरुदत्तांनी हात जोडले, आणि सभासद नसलेल्यांना सभेत बोलता येत नाही, असं फार आदरानं सांगितलं. बाईंनी मुलाकडे पाहिलं. तो लॅपटॉपमध्ये काहीतरी शोधत होता.

त्यांनी शेजारी पाहिलं. ओटाहुहूला लेकीकडे आलेल्या शुभाआजी त्यांना पदर ओढून खाली बसवत होत्या. पुकेकोहेचे दत्तूआजोबा पुटपुटले, की मुलांना इथे राहायचंय, आपल्यामुळे त्यांना अडचण नको.

मग मतदान झालं. पुढचे हात वर गेले, आणि मागे कोथिंबिरीचे ओले हातही वर गेले. आपल्याला मत नाही, या ठरावाला चौदांपैकी तेरा जणांनी हौसेनं पाठिंबा दिला. हात खाली ठेवून बसलेल्या एकट्या बाईच.

“मागचे हात मोजू नका,” गुरुदत्त चिरागला म्हणाले.

मी पुष्कळ पाहिलंय, पण इतकी स्वच्छ लोकशाही माझ्या दोनशे पानांत कुठेही नाही.

घरी आल्यावर सून सिद्धीनं चहा ठेवला. चिराग चिडलेला होता. सगळ्यांसमोर उठायची काय गरज होती, असं त्यानं आईला विचारलं. आणि मग रागाच्या भरात, पुढे कधीतरी गोडीनं सांगायचं ठरवलेलं सगळं तो बोलून गेला. आईनं आता इथल्या लोकांशी जुळवून घ्यायला हवं, कारण तिला इथेच राहायचंय. तिच्या कायमच्या व्हिसासाठी त्यानं नाव नोंदवलं होतं. कराडच्या फ्लॅटला गिऱ्हाईक मिळालं होतं.

बाईंनी कप बशीत ठेवला. “कोणी ठरवलं?”

“आम्ही.”

“त्या आम्हीत मी होते का?”

“आई, तूच सही दिली आहेस ना.”

पोरगा खरं बोलत होता. आपला हक्क न वाचता देऊन टाकायचा आणि नंतर तो कुठे गेला म्हणून शोधायचा, हे बाईंनीही इतर सगळ्यांसारखंच केलं होतं. त्या क्षणी मला गुरुदत्तांपेक्षा बाईंचाच जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर रिकामं झाल्यावर त्यांनी चष्मा लावला आणि माझं एकशे सत्त्याऐंशीवं पान उघडलं. ते कोरं होतं. त्यावर त्यांनी कराडच्या वकिलांना पत्र लिहिलं. मी अमुक तारखेला दिलेलं मुखत्यारपत्र रद्द करत आहे. फ्लॅट विकण्यास माझी संमती नाही. कायदेशीर पूर्तता मी स्वतः येऊन करीन. मग पट्टी ठेवून त्यांनी ते पान फाडलं, फोननं त्याचा फोटो काढला आणि वकिलांना पाठवला.

माझं पान पहिल्यांदाच फाटलं. दुखलं. पण माझ्यावर लिहिलेल्या हजारो वाक्यांपैकी कोणाच्या तरी खरोखर कामाला आली ती एवढीच तीन-चार.

संध्याकाळी त्यांनी मुलाला स्वतःच सांगितलं. तिसऱ्या दिवशी चिराग आईजवळ येऊन बसला. तू तिथे एकटी असतेस, रात्रभर मला झोप येत नाही, असं तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

“तुझी काळजी खरी आहे,” बाई म्हणाल्या. “आणि तू विचारलं नाहीस, हेही खरं आहे.”

मंडळाची घटना रीतसर नोंदली गेली. गुरुदत्त बिनविरोध अध्यक्ष झाले. पहिलं वाक्य मोठ्या अक्षरात छापून हॉलमध्ये लावायचं ठरलंय, आणि शुभाआजी त्या समारंभासाठी शंभर करंज्या करणार आहेत.

बाई व्हिसाचे दोन महिने शिल्लक असतानाच परत गेल्या. जायच्या आदल्या दिवशी चिराग त्यांची बॅग वजनकाट्यावर धरून उभा होता. आजवर येण्याच्या-जाण्याच्या तारखा तोच ठरवून तिकीट पाठवायचा. त्या दिवशी आकडा वाचता वाचता तो म्हणाला, “आई, तुला परत कधी यावंसं वाटतंय?”

“विचार करून कळवते,” बाई म्हणाल्या, आणि बॅग हलकी करायला मला बाहेर काढून त्यांनी इराच्या हातात दिलं.

आता मी इराच्या टेबलावर असते, तिचे टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, आणि चार्जर यांच्या पसाऱ्यात. ती आठवड्याला एक-दीड पान वाचते आणि समासात इंग्रजीत प्रश्न लिहिते. काही प्रश्न उद्धट आहेत. मला ते आवडतात.

पलीकडच्या खोलीतून दर रविवारी चिरागचा आवाज ऐकू येतो. आई, काय ठरवलंस, असं तो फोनवर विचारतो. तिकडून अजून उत्तर आलेलं नाही. पुढच्या रविवारी तो पुन्हा विचारतो.

बाई, तुमच्या वहीची एवढीच विनंती आहे. उत्तर द्यायची घाई करू नका.