गेबहार्टचा उतरलेला सूर

“मेस्नरबाई, चौतीस वर्षं तुम्ही दुसऱ्यांच्या चुका काढल्यात आणि आता मुद्दाम सूर चुकलेला माउथ ऑर्गन मागताय?” दुकानदार व्होसेलर म्हणाला.

“मागतेय. तू आपला भाता चालव.”

विकत घेण्याआधी माउथ ऑर्गन तोंडाला लावू देत नाहीत, भात्यावर धरून ऐकवतात. व्होसेलरने सहा नवे ऐकवले. सगळे चोख. शेवटी कुरकुरत त्याने परत आलेल्यांचा खोका काढला. त्यातल्या तिसऱ्याच्या चौथ्या भोकात हवा आत ओढली की सूर जरासा उतरत होता, अगदी गेबहार्टच्या बाजासारखा. मी तोच घेतला.

गेबहार्ट माझा नवरा. मागच्या ऑक्टोबरात गेला. ब्लॅक फॉरेस्टच्या या अंगाला घरटी एक माणूस माउथ ऑर्गनच्या कारखान्यात असायचं. आमच्या घरातली मी. दिवसभर बाजातल्या पितळी पत्त्या खरवडून सूर लावायचे. संध्याकाळी कान नुसते ठणकायचे, आणि हा जेवणाच्या टेबलाशी बसून तेच वाजवायला घ्यायचा. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी मी म्हणाले, “वाजवायचं तर तळघरात जा. आणि चौथं भोक उतरलंय तुझं.” तो मुकाट्याने गेला. पुढे जन्मभर तिथेच, बटाट्यांशेजारी बसून वाजवत राहिला. वर मी दार लावून घ्यायचे.

रविवारी मात्र तो वृद्धाश्रमात जायचा, बहिणीला, लिओबाला ऐकवायला. तिचे डोळे गेलेत. तो वारल्यावर ती मला म्हणाली, “त्याचा बाजा घेऊन ये गं. येईल तसं वाजव. एकदा ऐकू दे.”

मी बाजा काढला आणि हाताची खोड आड आली. उघडला, पुसला, ती पत्ती टोकाशी खरवडून सूर चढवलासुद्धा. मग भानावर आले. पुन्हा उतरवायला बुडाशी कानस लावली, तर झिजलेली पत्ती मोडूनच पडली. मेलेल्या माणसाचा सूर सुधारायला निघाले होते मी. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

म्हणून हा दुसरा. लिओबाला कळायचं नाही, त्याचाच म्हणून खपवू, असं ठरवलं होतं.

शिकायला तळघरातच बसले. वर वाजवायचा धीर होईना. एक भोक फुंकायला जावं तर तीन वाजायची. कानाला प्रत्येक चूक कळत होती, पण ओठ ऐकतील तर शपथ. नावं ठेवणं सोपं होतं. अर्ध्या तासात गुडघे आखडायचे, आणि वाटायचं, इथे धाडलं आपण त्याला, बाहेर गुडघाभर बर्फ असतानाही. त्याची आवडती धून बसायला तीन महिने लागले. तोवर ते खपवणं मनातून उतरलं होतं. लिओबाला सगळं सांगून टाकायचं, तळघराचंही, मग ती माझ्याशी पुन्हा बोलली नाही तरी चालेल, असं ठरवूनच निघाले.

रविवारी तिच्यासमोर कॉफी आणि आलुबुखारचा केक ठेवला आणि वाजवलं. चौथ्या भोकावर सूर उतरला तशी तिने मान डोलावली.

“लिओबा, मला तुला काही सांगायचंय.”

“ठाऊक आहे मला,” ती म्हणाली. “तुला इतकं हुबेहूब कसं येतं, ते. रोज तळघराच्या जिन्यात बसून ऐकायचीस ना त्याचं, मांडीवर पांघरूण घेऊन? दर रविवारी सांगायचा. मी चिडवायची त्याला, बायकोवेडा म्हणून.”

त्या जिन्यात मी एकदाही बसले नव्हते. आता खरं बोलले तर तोच खोटा ठरणार होता.

“गारठा असेल ना गं तिथे?” लिओबाने विचारलं.

मी माउथ ऑर्गन रुमालाने पुसला.

“असायचा,” मी म्हणाले. “पण तो वाजवायला लागला की जाणवायचा नाही.”